लाडकीचा राब

कैनाडच्या पाड्यावरची लाडकी माझ्या चिकूवाडीत पंधरा वर्षं काम करते. तिचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, केमोनंतरही पुन्हा उसळला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच मूळपेशी काढून ठेवू, जबर केमो देऊ, मग त्या परत सोडू." मी विज्ञानाची पदवीधर, तिला पाऊण तास समजावत बसले. तिने मध्येच तोडलं. "बाई, भाताचं बी बाजूला ठेवायचं, पालापाचोळा टाकून रोपाच्या वाफ्यात राब भाजायचा, मग पेरायचं. एवढंच ना?"

एवढंच होतं.

पण दवाखान्यात पेशी परत सोडल्यावर, भाताच्या हिशेबाने ती पाचव्या दिवसापासूनच कोंब शोधायला लागली. पांढऱ्या पेशी शून्य. आठव्या दिवशी फोनवर रडली, "बी कुजलं माझं."

मी खेकसले, "भात आहे का ते? डॉक्टर बारा दिवस म्हणालेत. गप पडून राहा!" फोन ठेवला आणि मीच कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले.

अकराव्या दिवशी तिचा फोन. "बाई, पेशी हजारावर गेल्या. उगवलं!" मग म्हणाली, "पाड्यावर सांगा, रोप कोवळं आहे. तीन महिने कोणी तुडवायला येऊ नका."

दोन वर्षं झाली. तपासण्या स्वच्छ आहेत, आणि ती अजून मला मध्येच तोडते.