आक्कांनी निवडलेला स्कॅनर

"दिवा गेला" एवढ्यावर आक्कांचं कधी भागलं नाही. ट्रकमध्ये स्टिअरिंगसमोर तो पिवळा दिवा लागतो बघा, इंजिनात काहीतरी बिघडलंय म्हणून सांगणारा. तो गेला की ड्रायव्हर खूश, मिस्त्री खूश. आक्का मात्र गेटाजवळच्या खुर्चीवरून हाक मारायच्या, "गेला ते दिसतंय मला. लागला कशापायी हुता ते सांग." ते सांगता आलं नाही तर गाडी गेटाबाहेर जायची नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे. आक्का पदर सावरून तशाच बसलेल्या.

निमगाव केतकीच्या बाहेर, इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला चिकटून माझी खानावळ. मधे नुसता पत्रा. त्यांच्याकडं गाडी लागली की माझ्याकडं ताट वाढायला घ्यायचं, असा आमचा जोड. गॅरेज आक्कांच्या मालकांचं, भाऊ मिस्त्रींचं. भाऊ गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की बाई आता जागा विकणार. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या सकाळी बघते तर आक्का बुद्धवंदना आटोपून, शटर वर करून, गेटात खुर्ची टाकून बसलेल्या. पाना कसा धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण बापू होता. बापू म्हणजे भाऊंच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकलेला मिस्त्री. आक्का म्हणायच्या, "हात बापूचा, तोंड माझं. चाललं आमचं गॅरेज." आणि खरंच चाललं की हो, चांगलं चाललं.

तोंड त्यांचं, ते उगाच नव्हे. गाडी आली की आधी ड्रायव्हरला चहा. मग चौकशी. कुठून आला, माल कुठला, चढाला ओढत न्हाय का सपाटीलाबी न्हाय, धूर कसला, डिझेल कुठं भरलं, मधे कुणी हात लावला का. एकदा एक सोलापूरचा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आक्का, गाडी बघताय का सून बघताय?"

"सुनेला तोंड असतं बाबा," आक्का म्हणाल्या. "तिला तिचंच इचारलं असतं. गाडीला कुठं हाय? म्हणून तुझं तोंड दुखवतीय."

हा स्वभाव त्यांना भाऊंच्या दुखण्यानं लावला, असं मला वाटतं. भाऊ बरीच वर्षं खोकायचे. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून काम करायचं, तो सगळा धूर छातीत. खोकला आला की औषधाची बाटली आणायची, खोकला दबला की कामाला लागायचं. कशाचा खोकला ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा उशीर झालेला. आक्का याबद्दल फार बोलायच्या नाहीत. एकदाच, माझ्याकडं मेथी निवडत बसल्या असताना म्हणाल्या, "अगं शांताबाई, आमी खोकला बरा करत राह्यलो, माणूस तसाच राह्यला." आणि परत मेथी निवडायला लागल्या.

पुढं गाड्या बदलल्या. नव्या ट्रकमध्ये जिथं बघावं तिथं वायरी आणि सेन्सर. बापूचा हात सोन्यासारखा, पण गाडीतल्या संगणकाला हात लावून ताप कळत नाही. त्याला स्कॅनर लागतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात केबल खोचायची, की गाडीत कुठं काय बिघडलंय ते पडद्यावर येतं. तो नसल्यामुळं नव्या गाड्या आमच्यासमोरून सरळ इंदापूरच्या हायवेला, कंपनीच्या वर्कशॉपला जायला लागल्या. बापू दारात उभा राहून बघायचा. एक दिवस म्हणाला, "आक्का, स्कॅनर घ्या न्हायतर शटर वढा."

घ्यायचा तर एकच घेता येणार होता. तो चुकला असता तर दुसरा घ्यायची ताकद नव्हती. म्हणून आक्कांनी विकणाऱ्यांना एकेक करून बोलावलं, आणि प्रत्येकासाठी एक परीक्षा ठेवली. दारातल्या चांगल्या गाडीच्या एका सेन्सरची वायर बापूकडून सैल करून घ्यायची. ते ठाऊक फक्त त्या दोघांना. आणि मला, कारण पत्र्यापलीकडचं सगळं मला ऐकू यायचं.

पहिला आला तो एकाच कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर घेऊन. त्यानं वायर लगेच धरली, फार झकास चालला. आक्का म्हणाल्या, "यंत्र गुणाचं हाय. पण आमच्या दारात काय एकाच घरच्या गाड्या येत्यात व्हय?" त्याला चहा पाजून वाटेला लावला.

दुसरा सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारा होता. जरा मंद. त्यानंही वायर शोधून काढली, आणि वर इंजिनाचे चालू आकडे दाखवले, हवा किती, गरमी किती, दाब किती, हलते आकडे. बापूनं वायर घट्ट केली की आकडा जागेवर आलेला दिसला. आक्का त्या पडद्याकडं बघतच राहिल्या. मग विचारायला लागल्या, नव्या गाड्या आल्यावर ह्यात भर कोण घालणार? रेंज नसली तर चालतो का? बिघडला तर पुण्याला धाडायचा का तुमी येणार? तो माणूस घाम पुसत उत्तरं देत होता.

तिसरा स्कॅनर आला तो छोटा, चपळ, आणि त्याच्याकडं एक जादू होती. तो युरियाच बंद करायचा. आता हे समजून घ्या. नव्या ट्रकना धूर साफ करायला युरियाचं तयार पाणी लागतं, त्याची वेगळी टाकी असते. ते संपलं किंवा खराब असलं की दिवा लागतो आणि गाडी मुद्दाम मरगळते, ओढत नाही. ड्रायव्हर लोकांची मोठी कटकट. हा स्कॅनर गाडीच्या संगणकाला सांगायचा की सगळं ठीक आहे, युरिया विचारूच नकोस. बापूचे डोळे चमकले. "आक्का, हे कळलं तर हितनं इंदापूरपातुर लाइन लागंल."

नेमके त्याच वेळी निमगावचे एक बागायतदार तात्या आपला नवा ट्रक घेऊन आले. दिवा लागलेला, गाडी बैलगाडीच्या चालीची. त्या विकणाऱ्यानं केबल खोचली, बटण दाबलं, दिवा गायब. युरिया बंद केला नव्हता, नुसता दिवा पुसला होता. तात्या टाळी वाजवून म्हणाले, "ह्याला म्हंत्यात डाक्टर!" आक्कांनी प्रश्न विचारायच्या आत गाडी गेटाबाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गाडी दुसऱ्या गाडीनं ओढत परत आणली. ती परत येणार हे ओळखून आक्कांनी दुसऱ्या स्कॅनरवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याच्या पडद्यावर आलं की टाकीतला युरियाच धड नाही. तात्या चिडले. "कसा धड न्हाय? मी सोता भरलाय!"

आक्कांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "तात्या, कुठला भरला?"

"कुठला म्हंजी? आपला. सोसायटीतला."

"पोत्यातला?"

"मग! युरिया तो युरिया. उसाला घालून उरला हुता घरी. बादलीत पाण्यात ढवळला, कापडानं गाळून घेतला. आमी काय अडाणी हाय व्हय, बिनगाळलेला घालायला?"

बापू टायरमागं जाऊन हसला. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. आक्का हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तात्या, तुमी उसाचं जेवण ट्रकला वाढलंय. आता टाकी, नळ्या सगळं धुवावं लागंल." तात्या एवढंसं तोंड करून म्हणाले, "गावात बोलू नका म्हंजी झालं." ते मात्र आमच्या हातात नव्हतं. पुढच्या बाजारच्या दिवशी भाजीवाल्या बायकासुद्धा त्यांना विचारत होत्या, "तात्या, गाडीला तुरा कधी येणार?"

तर आक्कांना त्या दुपारी त्यांचा स्कॅनर मिळाला. आणि बापूलाही त्याचा मिळाला. दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि उलटी शिकली. बापू म्हणाला, "मी हेच म्हंतोय, आक्का. काल युरियाच बंद केला असता तर तात्याला परत यायला लागलं असतं का?"

"गाडीला खोटं बोलायला शिकवायचं व्हय बापू?"

"सगळी शिकवत्यात. आपन न्हाय शिकवलं तर पुढचा शिकवंल. धूर थांबनार हाय का त्यानं?"

"आपल्या दारातला थांबंल."

"आपल्या दारात गाडीच येनार न्हाय!"

मीसुद्धा मधे पडले. म्हटलं आक्का, बापूचं ऐका, माझ्या चुलीचा तरी विचार करा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या चुलीचा धूर बी वरच जातोय ना, शांताबाई? गाड्यांचा भाऊंच्या छातीत गेला, ते ठाव हाय तुला."

त्यांनी तो दुसरा, आकडे दाखवणारा स्कॅनरच घेतला. बापू भांडला नाही, आदळआपट केली नाही. आपले पाने पुसून पेटीत लावले, आक्कांच्या पाया पडला आणि गेला. आक्का खुर्चीवरून उठल्या नाहीत. पेटी मोटरसायकलला बांधताना त्याची दोरी दोनदा सुटली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आवळून बांध." तो रस्त्याला लागेपर्यंत त्यांची मान वळली नाही, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडचं ताट परत पाठवलं.

त्यानंतर गॅरेज उतरत गेलं ते गेलंच. स्कॅनर गुणाचा होता, तो सगळं दाखवायचा, पण दाखवलेलं ऐकून दुरुस्त करणारा हात नव्हता. नवे मिस्त्री यायचे, चार दिवस टिकायचे. ड्रायव्हर टोमणे मारायचे, "आक्का, ही शाळा बंद करा आन् गॅरेज चालू करा." पलीकडं, इंदापूरच्या बाजूला, युरिया बंद करून देणाऱ्यांकडं खरंच लाइन लागायची. आक्का तिकडं बघून कधी वाईट बोलल्या नाहीत. काळ्या खोक्यातला स्कॅनर रोज फडक्यानं पुसायच्या. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि लेक त्यांना बारामतीला घेऊन गेली. शटर खाली आलं. मीही खानावळ आवरती घेतली.

एक दिवस त्यांचा फोन आला. "बापूला घेऊन ये." बापूनं तोवर इंदापूर रस्त्याला स्वतःची शेड टाकली होती, पण स्कॅनर घेण्याइतका जम बसलेला नव्हता. मी गेले, तर तो काही न विचारता मोटरसायकल काढायला उठला. या वयात त्याच्यामागं बसून मी बारामतीला गेले. काटेवाडीजवळ थांबून त्यानं मोसंबी घेतली.

आक्का पलंगावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या फार. खोका शेजारी ठेवलेला. त्यांनी तो बापूकडं सरकवला. "हत्यार हाय, पडून राह्यलं की मरतंय. तू घे."

बापू हात लावेना. "आक्का, मी ह्याच्यापायीच गेलो न्हवं का."

"व्हय. आन् गॅरेज माझ्या हट्टापायी बसलं." त्यांना दम लागत होता. "माझंच खरं हुतं असं आता मला म्हनवत न्हाय, बापू. तुलाबी लेकरंबाळं हायत. तू तुझ्या मनानं कर. हा इकून दुसरा घ्यावा वाटला तर तसा घे. मला इचारू नको."

मला वाटलं, या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदाच "विचारू नको" ऐकतेय. बापूनं खोका मांडीवर घेतला. मोसंबी सोलून त्यांना एकेक फोड देत राहिला. निघताना त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवायचा हट्ट धरला, लेकीच्या खांद्यावर हात टाकून आल्या. तीच शेवटची भेट. थंडीच्या आत त्या गेल्या.

परवा इंदापूरला तहसिलात काम होतं, येताना बापूच्या शेडवर थांबले. एकच ट्रक लागला होता. तोच स्कॅनर, केबलला चिकटपट्टी गुंडाळलेली. समोरच्या गॅरेजात गाड्यांची रांग. एक ड्रायव्हर माझ्यादेखत येऊन युरियाचं विचारून गेला, बापूनं नाही म्हणून मान हलवली, तो सरळ समोर गेला.

मी म्हटलं, "बापू, आक्का गेल्या रे आता. त्यांनी तुला मोकळं पण केलं होतं. मग कशाला एवढं ताणतोस?"

बापूनं हातातलं फडकं झटकलं.

"त्यांनी शपथ घातली असती ना मावशी, तर कवाच मोडली असती. भांडून मोडली असती. 'तुझ्या मनानं कर' म्हनाल्या, आन् तवापासनं माझं मन काय म्हंतंय ते मलाच बघावं लागतंय."

मग तो ट्रकच्या केबिनमध्ये चढला आणि आकडे वाचायला लागला.