पाठमोरी न्यारुओत

न्यारुओतची जीभ तिखट आणि हात सढळ. दलदलीतल्या पाकेर बेटावर लढाईतून जीव वाचवून आलेली हजारेक माणसं होती, विमानातून टाकलेली ज्वारी होती, आणि त्या ज्वारीची पेज शिजवून वाढणारी ही पन्नाशीची बाई होती. रांगेत घुसणाऱ्याला ती फटकारायची, "विमान काय तुझ्या एकट्याच्या नावानं आलं होतं रे?" आणि तळाचं दाट त्यालाच वाढायची.

मदतवाल्यांचा नियम एकच. पेज कुंपणाच्या आत, वाढणारीच्या नजरेसमोर खायची. बाहेर नेली की बंदूकवाले हिसकावत. नियम शहाणपणाचाच होता, पण तो करणाऱ्याला आमच्या सासवा ठाऊक नव्हत्या.

आम्हा नुएर लोकांत जावई सासूसमोर घास घेत नाही. मरेल, पण घेणार नाही. न्यारुओतचा जावई बिएल सहा दिवस दलदल तुडवत, बायकोपोरांना पाणकमळाचे कंद चारत इथे पोचला. बायको आणि पोरं पेजेवर सावरली. हा मात्र कुंपणाबाहेर झाडाखाली. कुणी विचारलं की म्हणायचा, "आत्ताच जेवलो." वाढायला आणखी दोघी होत्या, पण त्या न्यारुओतच्या बहिणी, म्हणजे त्याही सासवाच. तिसऱ्या दिवशी बिएलला उठून बसवेना.

केनियाहून आलेले मदतवाल्यांचे मुसेम्बीसाहेब यादी घेऊन आले. "हा एकदाही जेवायला आला नाही. गरज नसेल. नाव काढू?"

"गरज नसेल?" न्यारुओत उसळली. "साहेब, त्याच्या बरगड्या मला इथून मोजता येतात!"

"मग आत येऊन खाऊ दे. वाढणारीनं बघायला हवं एवढंच."

"तुम्ही बघा की! तुम्ही थोडेच त्याची सासू आहात?"

साहेबांनी यादीवरून मान वर केली. तोवर न्यारुओतने पातेल्याकडे पाठ केली होती. कुंपणाकडे तोंड करून ती लेकीला ओरडली, "न्यामाल! तुझ्या नवऱ्याला सांग, इथं सासूबिसू कुणी नाही. नुसती एक पाठ उभी आहे!"

रांगेत हशा पिकला. बहिणींनीही पाठी फिरवल्या. दोघांनी धरून बिएलला आत आणलं. न्यारुओतने हात मागे नेऊन अंदाजाने डाव बुडवला आणि ओतला. निम्मी पेज भांड्यात गेली, निम्मी तिच्या मनगटावर. तिने ओठ चावला, पण हूं की चूं केलं नाही. ती वळली असती तर तो भांडं ठेवून निघून गेला असता.

बराच वेळ काही ऐकू येईना. तिला वाटलं, गेला हा हातातून. मग शिंपल्याचा चमचा भांड्याला घासल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग भराभर.

"साहेब," ती न वळता म्हणाली, "खाल्लं का?"

"सगळं. रिकामं भांडं पुढं करून बसलाय."

"मग बघत काय बसलात? आणा इकडं ते भांडं!" आवाज नेहमीचाच खणखणीत होता. डोळे भरून आले होते, ते फक्त कुंपणाला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या दाराशी, बिएलसारखेच आजवर बाहेर उपाशी राहिलेले, तिघी बहिणींचे नऊ जावई उभे होते. न्यारुओतने भाजल्या मनगटाला फडकं गुंडाळलं, डाव दुसऱ्या हातात घेतला आणि पाठ फिरवली.