पडद्यामागचा समुद्राचा वारा

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगणारच म्हणा, कारण बोलल्याशिवाय मला राहवत नाही, आणि या सगळ्या फजितीचं मूळही माझं तोंडच आहे!

हरिहरेश्वरजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी. तिथलं नवं घर बांधलं आमच्या पुतणीनं, शलाकानं. शिकून आर्किटेक्ट झाली आणि पहिलंच घर आमचं. कमी खर्चातलं, उघड्या विटांचं. विटा उभ्या लावून भिंतीच्या आत पोकळी ठेवलेली, म्हणजे उन्हाची धग आत येत नाही. समुद्राच्या बाजूला खाली विटांची जाळी आणि तिच्यासमोर, मागच्या भिंतीत अगदी वर, छपराखाली, भोकांची रांग. खालून वारा येणार, गरम हवा वरून जाणार. पंख्याची गरजच नाही!

गाव विचारायचं, "बाई, गिलावा कधी करणार?" मी जन्मभर शाळेत शिकवलेली. एकेकाला उभं करून वारा समजावला. दूधवाल्याला तर दोनदा.

मे महिन्यात अलिबागहून शलाकाचा फोन आला. "काकू, म्हसळ्याचे पाटील घर बघायला येतायत. आवडलं तर त्यांचं काम मला मिळेल. नाही मिळालं, तर मात्र हे सगळं सोडून कुणाकडे तरी नोकरी धरायची."

"आण गं! जागेवर हो म्हणतात की नाही बघ!"

फोन ठेवला आणि पदरानं घाम पुसला. कारण खरं सांगू? घराची भट्टी झाली होती! थंडीत काही जाणवलं नव्हतं, पण उन्हाळा लागला आणि आत बसवेना. आता पोरीला कसं सांगायचं, की तुझं पहिलंच घर फसलं? जीव तुटत होता माझा.

मग मी डोकं लढवलं. मागच्या भिंतीवर गणपतीत लावलेला छतापासूनचा पडदा अजून तसाच होता. शोभतो म्हणून मीच काढू दिला नव्हता. त्याच्यामागे टेबलफॅन लपवला.

आमचे हे म्हणाले, "अगं, पण त्या पडद्यामागे..."

"तुम्ही गप्प बसा!"

दुपारी पाटील नवरा-बायको आले, शलाका आली. मी कोकम सरबत दिलं. पडदा काय झोकात हलत होता!

"गार वाटतंय हां," पाटील म्हणाले.

"समुद्राचा वारा!"

पाटीलबाईंनी कान टवकारले. "आन् ही घरघर कसली?"

"लाटांची!"

शलाका माझ्याकडे बघायलाच लागली. लाटा ऐकू याव्यात इतका समुद्र जवळ कुठला हो आमच्या?

तेवढ्यात लाईट गेली. पडदा थांबला. लाटाही थांबल्या.

पाटीलबाईंनी कपाळ टिपलं. "बाई, तुमच्याकडं समुद्राचा वारा लायटीवर चालतो व्हय?"

आणि उठून त्यांनी पडदाच बाजूला केला. पंखा, वायर, सगळं उघडं! धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पण शलाका पंख्याकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती.

"काकू, भोकांमध्ये काय कोंबलंय?"

सोडणं! नारळाची सोललेली सोडणं! प्रत्येक भोकात नीट ठोकून बसवलेली. कुणी? अहो, मीच! गणपतीत बाप्पापुढची समई वाऱ्यानं सारखी विझत होती. शिडीवर चढून मीच वाऱ्याची वाट बंद केली, वरून पडदा सोडला आणि बाप्पाबरोबर त्या आठवणीचंही विसर्जन करून आले.

"मी हेच सांगत होतो," एवढंच बोलून आमचे हे शिडी आणायला गेले.

एकेक सोडण खाली पडायला लागलं. एक थेट पाटलांच्या सरबतात! शेवटचं निघालं मात्र, आणि जाळीतून अशी झुळूक आली की देव्हाऱ्यातली समई फक्कन विझली.

सरबतातलं सोडण काढत पाटील म्हणाले, "वारा खरा हाय! पोरी, म्हसळ्याला ये. जागा दाखवतो."

मला रडूच आलं. शलाकानं मिठी मारली आणि कानात म्हणाली, "काकू, घर तापतंय असं मला सांगायचंस ना गं!"

पाटीलबाईंची एकच शंका होती, "पन समईचं काय?" शलाकानं तिथल्या तिथे समईसाठी आडोशाचा कोनाडा कागदावर काढून दाखवला.

परवा त्यांच्या वास्तुशांतीला गेलो. काय गार घर झालंय! मी सवयीनं मान वर करून भोकं तपासली. प्रत्येकावर आतून बारीक तारेची जाळी, चांगली घट्ट ठोकलेली. मी शाळेतल्या बाईंच्या थाटात शाबासकी दिली, "हे छान केलंत. पाखरं घरटी करतात ना!"

पाटीलबाईंनी माझ्या ताटात आणखी एक लाडू वाढला.

"पाखरांसाठी न्हाय वो बाई. तुम्ही येणार व्हता ना, म्हनून."