लटारूभाऊची रायफल

लटारूभाऊ माणूस मुळातच सावकाश. चहा घेता का विचारलं तर आधी आभाळाकडे पाहील, मग स्वतःच्या पायांकडे, आणि तोवर आपला चहा निवून जाईल. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला खेटून त्याची दीड एकर धानाची बांधी आहे. गावच्या शाळेत वीस वर्षं शिकवून मी इथलाच झालो, पण जीवाभावाचा म्हणावा असा हा एकच. या माणसाने आयुष्यात एकदा घाई केली, आणि त्या घाईत मी त्याच्या शेजारी बसून त्याला फूस दिली. सांगायची लाज वाटते, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

त्याच्या बापाकडे भरमार बंदूक होती. नळीत दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे सोडा, गजाने ठोका, वर टोपी बसवा. एवढं होईस्तोवर डुक्कर पोटभर खाऊन ढेकर देत निघून जायचं. बापाची शिकवण एकच होती, 'दिसल्याबिगर भरायचं नाई.' पुढे ती बंदूक गंजली आणि ठाण्यात जमा झाली.

गेले तीन हंगाम रानडुकरांनी बांधीची पार दैना केली. लोंब्या चघळायच्या, उरलेला धान लोळून चिखलात घालायचा. भाऊच्या घरचं वर्षाचं खाणं त्या दीड एकरात होतं. त्याने पीक-संरक्षणाच्या परवान्याचा अर्ज केला. अर्ज मी भरला, दोन वर्षं चकरा दोघांनी मारल्या. परवाना आला तेव्हा कळलं की नवी रायफल आपल्या आवाक्यातली नाही. मग अहेरीच्या पत्रूभाऊंचा पत्ता लागला. म्हातारे झाले होते, हात कापत होते आणि त्यांना आपली जुनी बोल्टवाली रायफल पडत्या भावात काढायची होती.

सगळे कागद रीतसर करून रायफल आणायला गेलो. एसटीत भाऊने ती चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. आलापल्लीच्या पुढे पोलिसांच्या तपासणी नाक्यावर बस थांबली. दोन जवान वर चढले आणि सरळ आमच्याकडे आले.

"ये क्या है चादर में?"

"रायफल हाये," भाऊ म्हणाला. मागेपुढे काही नाही, नुसतं एवढंच.

आम्हाला खाली उतरवलं, हात वर करायला लावले. माझ्या पिशवीतून कागद बाहेर येईना; चष्मा, पान, सुपारी, सगळं आलं, कागद शेवटी. जवानाने शिक्का दोनदा पाहिला, वरच्यांना फोन लावला, आणि अर्ध्या तासाने जा म्हणाला. मी चिडून भाऊला म्हटलं, "अहो, परवाना आहे हे आधी सांगावं की नाही?" तो म्हणाला, "त्यानं परवाना कुठी इचारला गुरुजी?"

घरी शकुबाई दारातच उभी होती. भाऊची बायको, तोंडाने फटकळ. "आनलं का थे लोखंड? माह्या घरात नको ठेवू," म्हणाली, आणि मग स्वतःच पेटी रिकामी करून तिला जागा करून दिली.

वनखात्याने डुकरापुरती परवानगी दिली. गार्डने स्पष्ट बजावलं, "काडतुसं मोजून ठेवली हायेत. चितळाच्या केसाले जरी धक्का लागला तर रायफल बी जाते अन् तुमी बी जाता." पण गावाला हे कोण सांगणार? रायफल आली म्हणजे हरणाचं मटण आलं, असा गावाने हिशेब धरला. शेजारच्या बांधीवाल्या बिरजूने तर कोणत्या दिवशी मसाला वाटायचा तेही ठरवून टाकलं.

आणि पोळ्यानंतर एका सकाळी खरंच चितळ आलं. मी भाऊसोबत मचाणावर होतो. नर होता, भल्यामोठ्या शिंगांचा, पन्नास पावलांवर निवांत धान खात उभा. भाऊने पाहिलं, काडतूस खिशातच राहू दिलं आणि टाळी वाजवली. चितळ उडी मारून जंगलात गेलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बिरजू पाहत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की लटारूची रायफल टाळ्या वाजवायला आणली आहे. पानठेल्यावर लोक त्याला पाहिलं की टाळ्या वाजवायचे. भाऊ हसायचा, पण ते त्याला लागलं होतं. एकदा मला म्हणाला, "गुरुजी, आता जे पयलं डुक्कर दिसन, थे सोडत नाई."

दसऱ्याला शकुबाईने शस्त्रं पुजली. विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी आणि मधे रायफल. जिच्यावर तिचा राग, तिचीच पूजा तिने सगळ्यांत मन लावून केली. नळीला तेल, दस्त्याला कुंकू, झेंडूची माळ. पूजेचं कुंकू हाताने पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं, अशी त्यांच्या घरची रीत. भाऊने रायफल तशीच पेटीत ठेवली.

दिवाळी झाली. धान पिवळा पडला, कापणीला आठ दिवस राहिले. बांध्यांमधलं पाणी सोडून दिलं होतं. अशा वेळी खोलगट जागी डबकी राहतात आणि त्यांत बारीक मासोळ्या अडकतात. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी डुकरांनी कोपऱ्यातला धान लोळवला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघे मचाणावर चढलो. धुकं एवढं की समोरचा धुराही धड दिसत नव्हता.

थोड्या वेळाने कोपऱ्यात खसखस झाली. धान हलला. धानाच्या वर एक काळी, कुबड आलेली पाठ दिसली, परत खाली गेली. चिखलात काहीतरी चपचप करत होतं. मग घशातून निघाल्यासारखा एक जाडा आवाज आला.

भाऊ थांबला. त्याने मान पुढे काढली, डोळे बारीक केले. तो त्याच्या नेहमीच्या चालीने पाहत होता, आणि मला त्याचा राग आला. एवढी वर्षं ही चाल पाहिली, एवढ्या टाळ्या ऐकल्या. मी त्याच्या कानाला लागलो आणि म्हणालो, "डुक्करच आहे भाऊ. मारा."

मी. जाड भिंगाचा चष्मा लावणारा मी.

भाऊने खिशातून काडतूस काढलं, आत टाकलं, बोल्ट पुढे रेटला. बोल्ट अर्ध्यात अडकला. त्याने मागे घेतला, परत रेटला. दांडी खाली वळेना. "काऊन बसून नाई राह्यला बे!" तो दातओठ खात पुटपुटला आणि तळहाताने दांडीवर दणका दिला. ते निघून जाईल, परत सगळं गाव टाळ्या वाजवेल, एवढंच माझ्या डोक्यात. त्याने दुसरा दणका दिला.

त्या आवाजासरशी काळी पाठ सरळ झाली. उभी राहिली. डोक्यावरून पाठीपर्यंत पोत्याची खोळ घेतलेली बाई, हातात टोपली.

"कोन हाये मचानावर?" ती ओरडली आणि परत खोकली. "लटारूभाऊ काय?"

देवकाबाई होती. ढिवरांच्या मोहल्ल्यातली, घरोघर मासोळ्या विकणारी. सख्खा भाऊ नाही म्हणून दर भाऊबीजेला लटारूला ओवाळणारी. चारच दिवसांपूर्वी तिने त्याच्या कपाळाला लावलेल्या टिळ्याची तांबूस खूण अजून होती.

भाऊने काडतूस काढलं. मला वाटलं तो आता पडेल, म्हणून मी त्याचा दंड धरला. आम्ही खाली उतरलो. देवकाबाईला काही कळलं नव्हतं. तिने टोपलीतल्या ओंजळभर मासोळ्या भाऊच्या दुपट्ट्यात टाकल्या. "घेऊन जा. शकूले म्हना आंबट टाकून करजो," म्हणाली. भाऊला तिच्याकडे पाहवत नव्हतं. ती मात्र विचारत राहिली, "तब्येत बरी नाई काय?"

घरी येऊन त्याने बोल्ट काढला आणि काडीने आत कोरलं. तेलाने फुगलेले, कुंकवाने लाल झालेले तांदळाचे चार दाणे बाहेर आले.

"तू अक्षता आत टाकल्या व्हत्या?" त्याने शकुबाईला विचारलं.

तिला वाटलं आता बोलणी बसणार. ती आधीच तावातावाने म्हणाली, "मंग? देवाचं तोंड रिकामं ठेवतेत काय? तूच उघडं ठेवलं व्हतं!"

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीच तिला सगळं सांगितलं, 'मारा' कोण म्हणालं तेही. शकुबाईने दुपट्ट्यातल्या मासोळ्यांकडे पाहिलं, कितीतरी वेळ. मग ते चार दाणे उचलून देव्हाऱ्यात ठेवले. मलाही तिने रोजच्यासारखा चहा करून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षी राहिलेल्या आठ दिवसांत डुकरांनी आणखी अर्धी बांधी खाल्ली. भाऊ रोज मचाणावर डबा बडवत बसला, कधी मी बसलो. कापणी झाल्यावर आम्ही रायफल घेऊन ठाण्यात गेलो. मुन्शीने कागद पुढे सरकवला. नेहमीप्रमाणे लिहायला मी. 'जमा करण्याचे कारण' या रकान्यापाशी हात थांबला.

"बिघाड झाला काय?" मुन्शीने विचारलं.

"नाई साहेब. साफ केली. आता एकदम मस्त चालते."

"मंग जमा काऊन करून राह्यले?"

भाऊने आधी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मुन्शी वैतागला. मी मात्र या वेळी अजिबात घाई केली नाही.

"चालते म्हनूनच," लटारूभाऊ म्हणाला.

मी रकान्यात तेच लिहिलं.