आतल्यानं बोलत राहायचं

साक्षीदार क्रमांक एक. नाव : ओतिलिया बेरूमेन. लिंग : स्त्री. वय : वर्षे त्रेपन्न. जन्मस्थान : साकातेकास, मेक्सिको. उंची : चार फूट दहा इंच. हुद्दा : तळघर सहायक, श्रेणी दोन. मयताशी नाते : मयताच्या पत्नीची थोरली बहीण. वाचता येणाऱ्या भाषा : (रकाना कोरा). वर्तन : अपघातसमयी सदर साक्षीदाराने ‘बंदिस्त जागा, प्रवेश निषिद्ध’ या सूचनाफलकाचे तंतोतंत पालन केल्यामुळे जीवितहानी एका व्यक्तीपुरती मर्यादित राहिली. शेरा : अनुकरणीय.

विमा कंपनीनं कुणा कामगाराचं इतकं कौतुक केल्याचं सोनोमाच्या त्या टेकड्यांत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ओतिलियाच्याही नव्हतं, कारण अहवाल इंग्रजीत होता.

वेंडेल क्रॉफ्ट यांची वायनरी काहीही न करण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिथे यीस्ट टाकत नसत, गंधक घालत नसत, वाईन गाळत नसत, पंप लावत नसत. काळ्या समुद्राकाठाहून आणलेले मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. द्राक्षं त्यांत पडली की पुढचं सगळं त्यांनी आपापसात ठरवायचं. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होतं : ‘आम्ही फक्त वाट पाहतो.’

वाट पाहण्याच्या कामावर दोन माणसं होती. एक ओतिलिया, दुसरा तिच्या बहिणीचा नवरा नाबोर एस्कोबेदो.

पंप नाही म्हणजे वाईन बादल्यांनी काढायची. वाईन निघाली की खाली सालं-बियांचा चोथा उरतो, कमरेइतका, अजून आतल्या आत आंबत असलेला. तो काढायला माणूस आत उतरवावा लागतो. रांजण सात फूट खोल आणि तोंड एकोणीस इंच. ओतिलियाची नेमणूक झाली तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं की हात वर करून उभी राहा. क्रॉफ्टनी स्वतः टेप लावला. तरुणपणी ते विमा कंपनीत होते, कोण किती वर्षं जगेल याचा अंदाज बांधण्याच्या खात्यात. त्यांना सगळ्यांनी पहिल्या नावानं हाक मारलेली आवडायची. म्हणून समोर कुणी काहीच हाक मारत नसे, आणि पाठीमागे ते मालकच होते.

त्याआधी अठरा वर्षं ओतिलिया खालच्या सपाट खोऱ्यात होती, जिथे वाईनला सगळं काही करत त्या मोठ्या वायनरीत. रंग फिका पडला तर रंग, आंबटपणा कमी तर आंबटपणा, पाणी जास्त झालं तर यंत्रानं पाणी काढून. चव दरवर्षी तीच, अगदी बिस्किटासारखी. तिथे टाकीत उतरायचं म्हणजे हवा मोजायचं यंत्र, पंखा, सहीचा कागद आणि दाराशी एक माणूस. हे सगळं एका सकाळनंतर आलं. त्या सकाळी एकजण टाकीत कोसळला, त्याला काढायला त्याचा दोस्त उतरला, आणि दोघांना दुपारी लांब लोखंडी आकडीनं ओढून काढलं. धान्याचं जुनं पेव उघडलं की लगेच उतरू नये, हे पेववाल्यांना सांगावं लागत नाही. वाईनवाल्यांना दर पिढीत नव्यानं सांगावं लागतं. आंबणाऱ्या चोथ्याची हवा जड असते, तळाशी बसते. दिसत नाही.

टेकडीवर येताना ओतिलियानं दोन सवयी बरोबर आणल्या. एक म्हणजे सार्डिन मासळीच्या रिकाम्या डब्यात मेणबत्तीचा तुकडा, सुतळीनं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. मालकांना ते पसंत नव्हतं. “मेणाचा वास मातीत उतरतो.” पंख्याचंही तेच. “बाहेरची हवा आत कोंबायची म्हणजे हस्तक्षेप झाला.” तेव्हापासून डबा तिच्या ॲप्रनच्या खिशात लपलेला असे. दुसरी सवय फुकटची होती : आतल्यानं बोलत राहायचं. गप्प झालं की वरच्यानं ओढायचं.

बोलण्याची उणीव कधी पडली नाही.

“ताई, आहेस की गेलीस?” नाबोर वरून विचारी.

“तू वर असताना मरायची तरी सोय आहे का? ओढ बादली.”

“चोथा भरतेस की दगड?”

“दगड वर उभा आहे, ओढायला. हलत नाहीये.”

“डेल्फिनाला सांगतो हां, तुझी बहीण मला दगड म्हणते.”

“तिनंच सांगितलंय मला.”

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी चाळीस पाहुणे आले होते, वर्षाची वर्गणी भरून वाईनच्या पेट्या घेणारे. हिरवळीवर तंबू होता, तंबूत उकाडा होऊ नये म्हणून पंखा होता. टेकडीवरचा एकुलता एक. दुपारी दोनला मालक रांजणांपाशी आले.

“ओतिलिया, ॲप्रन काढ. तो भरतकामाचा पांढरा झगा ठेवलाय तंबूमागे, तो घाल. पाहुण्यांसमोर द्राक्षं तुडवायची आहेत. अनवाणी.”

“आपण कुठे पायानं तुडवतो?”

“लोकांना आवडतं.” मग नाबोरकडे वळून : “तीनला त्यांना चार नंबरचा रांजण रिकामा दाखवायचाय.”

“उतरायचं काम ताईचं आहे,” नाबोर म्हणाला. “मी ओढतो.”

“तू भर तोवर बादल्या. ती येऊन ओढेल. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

नाबोर हडकुळा होता. एक खांदा आधी, मग दुसरा, असा तो त्या तोंडातून खाली गेला. डबा ॲप्रनमध्ये होता आणि ॲप्रन तंबूमागच्या खुंटीवर.

तीस पावलांवर ओतिलिया लाकडी परातीत उभी राहून द्राक्षं तुडवत होती. जमिनीतून आवाज आला.

“ताई! पाय धुतलेस का? की तेही पाजणार त्यांना?”

“तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहेत!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी मालकांना विचारलं, हे काय चाललंय. मालक म्हणाले, कामाची पारंपरिक गाणी आहेत.

“ताई, झगा शोभतो का गं? आता तुला नवरा मिळेल बघ. श्रीमंत!”

“मिळाला की तुला ड्रायव्हर ठेवते.”

नाबोर हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, “ताई, उकडतंय गं इथे.” त्यावर ती काही बोलली नाही, कारण त्या बाईंनी कॅमेरा उचलून खूण केली होती : हसा. ओतिलिया हसली. बाईंनी एक आडवा फोटो घेतला, मग एक उभा घेतला. मग म्हणाल्या, झगा जरा वर धरा. तिनं धरला.

जमिनीतून काही येत नव्हतं.

ती परातीतून उतरून लालभडक पायांनी धावली. रांजणात नाबोर चोथ्यावर बसला होता, गुडघे वर, हनुवटी छातीला, झोपलेला असावा तसा. शिडी लावलेलीच होती. तिनं पाय टाकला. एक पायरी. दुसरी. सात फुटांत पायऱ्या त्या किती, आणि नाबोरचा हात तर जणू हाताशी होता. दुसऱ्या पायरीवर तिला ती खालच्या खोऱ्यातली दोन माणसं दिसली, आकडीनं ओढलेली, एकावर एक. ती वर आली.

तंबूत जाऊन तिनं पंखा उपटला. “ओतिलिया, पाहुणे आहेत,” मालक म्हणाले, आणि मग तिचं तोंड पाहून बाजूला झाले. वायर पुरली नाही. जोडवायर शोधण्यात काही मिनिटं गेली. खालच्या गावातून बंब यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर पंखा व्यवस्थित चालू होता.

विमा कंपनीचा तपासनीस शुक्रवारी आला. सभ्य माणूस होता. त्याला स्पॅनिश येत होतं, पण फॉर्मला येत नव्हतं. भिंतीवरच्या लाल पाटीचा त्यानं फोटो काढला. मग ओतिलियाला विचारलं, “बाई, तुम्ही आत का नाही उतरलात?”

“उतरले असते तर दोघं गेलो असतो.”

त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते वर आलंच आहे. सरकारी माणसंही येऊन मोजमापं घेऊन गेली. त्यांचा अहवाल अजून यायचा आहे.

दोघी बहिणी क्लोव्हरडेल गावात शेजारी शेजारी ट्रेलरच्या घरांत राहायच्या, मध्ये एक लिंबाचं झाड. दफनाच्या दिवसापासून डेल्फिनाचं दार बंद होतं. ओतिलिया रोज संध्याकाळी पोसोलेचं, म्हणजे मक्याच्या रश्शाचं, पातेलं बहिणीच्या पायरीवर ठेवी, आणि सकाळी ते झाकणासकट ओतिलियाच्या पायरीवर परत आलेलं असे. अकरा पातेली परत आली. तिला बाकी काही नको होतं. धाकट्या बहिणीनं दार उघडावं, एवढंच.

बाराव्या दिवशी टपालानं अहवाल दोघींकडे आला. ओतिलियानं तो चर्चमधल्या बाईंकडून वाचून घेतला. बाई म्हणाल्या, “तुमचं चांगलंच लिहिलंय हो. तुम्ही नियम पाळलात.”

“कुठला नियम?”

“पाटीवरचा. आत जायचं नाही असा.”

पाटी गुरुवारी लावली होती. मालकांनी स्वतः, दोन खिळ्यांनी, नाबोरला शवागारात ठेवलेलं असताना.

घरी परतताना तिच्या ध्यानात आलं की विमा कंपनीनं तिला एक भेट दिली आहे. मला मनाई होती, एवढं म्हणायचं. छापील आहे, शिक्का आहे. डेल्फिनानंही वाचून घेतलं असणार. आणि खरंच, त्या संध्याकाळी दार बोटभर उघडलं.

“वाचून घेतलं मी,” डेल्फिना फटीतून म्हणाली. “पाटी होती म्हणे. तुला बंदी होती. हे आधी का नाही बोललीस, ताई?”

ओतिलियाच्या हातात पातेलं होतं. हो म्हटलं असतं तर फट दार झाली असती.

“पाटी नव्हती, डेल्फी. मागाहून लावली.”

“म्हणजे?”

“मंगळवारी तिथे काहीच नव्हतं. भिंत होती.”

“मग तुला कुणीच अडवलं नव्हतं,” डेल्फिना म्हणाली.

“नाही.”

“रांजण तुझा होता.”

“हो.”

“शिडी होती.”

“होती. दोन पायऱ्या उतरले मी.”

“दोन,” डेल्फिना म्हणाली.

फोटोचंही सांगायचं ओतिलियानं ठरवलं होतं, एक आडवा आणि एक उभा. पण दार लागलं.

पुढल्या सोमवारी वायनरी पुन्हा सुरू झाली. चार नंबरचा रांजण अजून अर्धा भरलेला होता आणि चोथा नासत चालला होता. सकाळी साडेसातला ओतिलिया त्यात उतरली. त्या तोंडातून जाईल असं दुसरं माणूस टेकडीवर उरलं नव्हतं.