वहिनीच्या मुठीतले जोंधळे

लढाई संपून वर्ष उलटलं तरी माझा थोरला भाऊ घरी आला नव्हता. ब्रह्मदेशात तो बेपत्ता झाल्याचं पलटणीचं एक पत्र तेवढं आलं होतं. मेला असं त्यात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. वहिनी रोज कुंकू लावायची आणि लावताना तिचा हात थांबायचा.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि मला नव्या कथेची बाधा झाली होती. आम्ही चार-पाच टवाळ चहाच्या दुकानात बसून मराठी साहित्याचा निकाल लावायचो. कादंबरी म्हणजे नुसता पसारा, लघुनिबंध म्हणजे जेवणावरची सुपारी, आणि नीट शेवट करणारी जुनी गोष्ट म्हणजे तर शुद्ध भाबडेपणा. आयुष्याला कुठं शेवट असतो, असं आम्ही मोठ्या ऐटीत म्हणायचो. आयुष्य कशाशी खातात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

त्याच तोऱ्यात मी भावावर कथा लिहिली. एक शिपाई, जंगल, चिखल, समोर नदी. तो पाण्यात पाय घालतो आणि कथा संपते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आटपाडीकडच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा दुपारी सोप्यात बसून वहिनीला ती वाचून दाखवली. वाचायच्या आधी ती घाईनं आत जाऊन आली. कशाला गेली, ते मी विचारलं नाही.

शेवटचं वाक्य वाचून मी वही मिटली. वहिनी मूठ मिटून तशीच बसून होती.

"फुडं?"

"पुढं नाही. संपली."

"आवं, आसं कसं? नदीतनं भाईर आलं का न्हाई त्ये?"

"अशा कथांचा शेवट वाचणाऱ्यानं ठरवायचा असतो, वहिनी."

तिनं उजवी मूठ उघडली. आत घामानं ओले झालेले जोंधळ्याचे दाणे होते. श्रावणातली कहाणी ऐकताना बायका दाणे हातात धरून बसतात आणि सुफळ संपूर्ण म्हटलं की देवापुढं वाहतात. माझी नवी कथा ती तशी ऐकत होती.

"आता हे कुठं ठिवू? वाहता येत न्हाईत, कणगीत टाकता येत न्हाईत. येऊ द्या त्यास्नी, न्हाईतर मरू द्या, भावजी. पर आसं पान्यात हुबं करू नगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दाणे पदराला बांधले. पुढचे आठ दिवस मी दोन्ही शेवट लिहून पाहिले. तो परत आला असं लिहिलं की थाप वाटे, आणि सख्ख्या भावाला मारायला हात धजेना. शेवटी होती तशीच कथा एका मासिकाला धाडली. भेकड होतो, दुसरं काय!

वहिनी लुगडं बदलायची तेव्हा जुनी गाठ सोडून तेच दाणे नव्या पदराला बांधायची. दिवाळीला घरी गेलो तेव्हाही ते दाणे तिच्या पदरालाच होते.

तेव्हाच एका सकाळी पोस्टमननं दारातून हाक मारली. वहिनी पिठाच्या हातानं धावली आणि पुडकं छातीशी धरून माझ्याकडं आली. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचा भावजी, बिगीनं वाचा."

मी पुडकं फोडलं. आत मासिक होतं. माझी कथा छापून आली होती. शिपाई, जंगल, नदी, सगळं तेच, हे मी तिला सांगितलं.

"मग फुडचं आलंय व्हय?"

"न्हाई वैनी. तेवढंच हाय."

शेवटच्या ओळीखाली पान कोरं होतं. तिथं तिनं पिठाचं बोट ठेवलं.

"म्हाईत न्हाई, एवढंच सांगायचं व्हतं, तर इतकं छापलं कशाला?"