शेवटच्या डबीतली तीन मिनिटं

माझी मुलगी कॉलेजात असताना ओरिएंटियरिंग करायची. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, माळावर ठरवून दिलेल्या जागा क्रमानं शोधत पळायचं, अशी ती शर्यत. लग्न होऊन ती गेली, तिचं पळणं थांबलं, आणि मी मात्र निकालाच्या टेबलावर राहून गेलो. हडपसरच्या एका कारखान्यात मापं तपासण्याचं काम करतो. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही. म्हणून वेळेचं काम माझ्याकडे आलं असावं. सात वर्षं झाली. दर वेळी घरी परत येताना ठरवतो की आता पुरे.

त्या रविवारी कासुर्डीच्या मागच्या माळावर जिल्ह्याची निवड चाचणी होती. मुलींच्या गटात चौदा जणी, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेक करून सोडलेल्या. पहिल्या दोघी राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. तिसरीला फक्त पदक.

प्रत्येक जागी एक निशाण आणि त्याखाली मुठीएवढी प्लॅस्टिकची डबी ठेवलेली असते. धावणाऱ्याच्या बोटाला एक काडी बांधलेली असते. ती डबीच्या भोकात घातली की डबी वाजते आणि आपल्या घड्याळातली वेळ काडीत नोंदवते. शेवटी ती काडी लॅपटॉपवर वाचली की निकाल तयार. सगळा भरवसा डब्यांच्या घड्याळांवर. ती एकमेकांशी जुळलेली पाहिजेत, बाकी काही नाही. शेवटच्या रेषेवर आम्ही दोन डब्या लावतो, दोघी बरोबर आल्या तर कुणी खोळंबू नये म्हणून.

निकाल लागला आणि लगेच पदकंही वाटून झाली, कारण पाहुण्यांना यवतचं लग्न गाठायचं होतं. मी टेबलाशी बसून थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. तळेगाव ढमढेऱ्याचे शेतकरी, शेवंती लावतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांची मुलगी चौथी आली होती. तक्रार करायला आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. हे तसे वाटले नाहीत. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, टोपी काढली आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"साहेब, मला नकाशातलं काय कळत न्हाई. पर माझी पोरगी त्या दौंडच्या पोरीच्या मागनं दोन मिनिटानं सुटली, व्हय का?"

मी यादी पाहिली. दौंडची आठ वीसला, यांची आठ बावीसला. म्हटलं, बरोबर.

"आन् दोघी संगंच आल्या. मी हितंच हुतो. मग ती दुसरी आन् ही चौथी कशी? आमच्या गावाला यष्टीबी आसं करत न्हाई."

मला हसू आलं नाही. दौंडच्या मुलीची वेळ सेहेचाळीस मिनिटं दहा सेकंद, यांच्या मुलीची सत्तेचाळीस बारा. दोन मिनिटं मागून सुटून जी बरोबर पोचते, तिची वेळ दोन मिनिटांनी कमी भरायला हवी. हिची मात्र एका मिनिटानं जास्त भरत होती. म्हणजे तीन मिनिटं कुठून तरी आली होती. मी त्यांना विचारलं, मुलगी काय म्हणते? ते म्हणाले, ती तिकडं लिंबाखाली बसलीय. म्हणते, मीच हळू पळाले असेन, मशीन खोटं बोलत नाही.

त्यापेक्षा त्यांनी माझ्यावर आरोप केला असता तरी चाललं असतं.

आधी सुटण्याची यादी तपासली. ठीक होती. मग तिच्या काडीतल्या सगळ्या वेळा कागदावर उतरवल्या. शेवटच्या निशाणापासून रेषेपर्यंत एकशे दहा मीटरची सरळ पायवाट आहे. तिथं तिला लागलेला वेळ तीन मिनिटं एकोणतीस सेकंद. एवढ्या वेळात माणूस बसून बिस्किटाचा पुडा संपवेल. बाकीच्या तेरा जणींचे त्याच टप्प्याचे आकडे काढले. नऊ जणींना पंचवीस ते पंचेचाळीस सेकंद, आणि चौघींना तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. मधलं कुणीच नाही.

रेषेवर गेलो. चाचणीची काडी डावीकडच्या डबीत घातली, लगेच उजवीकडच्या. परत येऊन वाचली. दोन्हींत फरक तीन मिनिटं एक सेकंद. तो सेकंद माझ्या हाताचा.

आता कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी सगळ्या डब्या मी जिल्हा संघाच्या लॅपटॉपवर जुळवल्या होत्या. सकाळी उजवीकडच्या डबीची बॅटरी मेलेली निघाली आणि संघाचा लॅपटॉपही उघडेना. म्हणून जादाची डबी घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर जुळवली. मी केडगावला राहतो. एकवीस वर्षं सकाळच्या शटल गाडीनं हडपसरला जातो. गाडी चुकू नये म्हणून आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं आणि लॅपटॉपमधलंही तीन मिनिटं पुढं असतं. केडगावातल्या निम्म्या नोकरदारांच्या घरी असंच आहे. घरात वजाबाकी कुणी करत नाही, ती पायांना सवयीची असते. डबीला ती सवय नव्हती. निकालही त्याच लॅपटॉपवर निघत होता, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही.

याहून वाईट गोष्ट माझ्या फाइलमध्ये होती. तपासणीची यादी मीच बनवलेली आहे. नववी ओळ: 'शेवटच्या दोन्ही डब्या एका काडीनं पडताळणे.' तिच्यापुढं माझ्याच हातची बरोबरची खूण होती. पडताळलं नव्हतं. घाई होती, करणारच आहोत म्हणून खूण आधी केली.

स्पर्धाप्रमुख सरांकडे गेलो. ते निवृत्त क्रीडाशिक्षक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नावं वर कळवून झाली आहेत, पदकं गळ्यात पडली आहेत, फोटो निघालेत. मी म्हटलं, माझी चूक आहे, मी लिहून देतो.

"तुमच्या घड्याळावर शटल मिळत असेल हो," सर म्हणाले, "आता मला त्या दौंडच्या पोरीला काय सांगायचं ते पण तुम्हीच सांगा."

पाचही जणींच्या वेळेतून तीन मिनिटं वजा केली. कोणकोण उजव्या डबीत गेलं ते डबीच्या आठवणीतूनही काढून घेतलं, अंदाजावर एकही आकडा ठेवला नाही. तळेगावची चव्वेचाळीस बारा, दुसरी. दौंडची सेहेचाळीस दहा, तिसरी. पहिली होती ती पहिलीच राहिली. आधीची तिसरी चौथ्यावर गेली, तिचं पदकही परत मागावं लागणार होतं. बाकीच्या चौघी बऱ्याच मागं होत्या, त्यांचा वरच्या तिघींना धक्का नव्हता. सरांनी फोन केला, तो बराच वेळ चालला. फोन ठेवून ते म्हणाले, नाव बदललं.

दौंडच्या मुलीला मी जीपमधून उतरवून घेतलं. तिच्या मैत्रिणी आत पेरू खात होत्या. तिला आकडे दाखवले. ती हुशार होती, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे काका, मी तिसरीच आले होते."

"हो."

"मग आईला फोन करू दिलात कशाला?"

मी चूक माझी आहे एवढंच म्हणालो. तिनं पदक काढून माझ्या हातात दिलं आणि तिसऱ्याचं नंतर पाठवा म्हणाली, आत्ता नको. जीप गेली. त्या दिवशी मला जे काही थकायला झालं ते तिथं झालं. पहाटे साडेतीनला उठल्याचं ते नव्हतं.

शेवंतीवाल्यांनी आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच होतं. त्यांनी कागद मागितला. तोंडी नको, म्हणाले. नवा निकाल, जुन्यातली चूक, तिचं कारण, खाली सरांची आणि माझी सही, असा कागद त्यांना दिला. तो त्यांनी सावकाश वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला.

मुलगी लिंबाखाली बूट काढून बसली होती. वडिलांनी सांगितलं तरी उठली नाही. माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "मग मधले टाइम तरी खरे आहेत का?"

मी तिच्याशेजारी मातीत बसलो. सगळा कागद तिच्यापुढं ठेवला. आधी दाखवलेली वेळ खोटी होती म्हटल्यावर आता दाखवलेली खरी कशावरून, हा तिचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. एकेक टप्पा घेतला. पहिल्या निशाणाला किती, दुसऱ्याला किती. ती नकाशावर बोट ठेवायची, आठवायची, मान डोलवायची. सातव्यावरून आठव्याला जाताना सहा मिनिटं पन्नास सेकंद लागले होते. इतरांना तीनच्या आसपास.

"हे पण खरं?"

"हे खरं."

"ओढा चुकले मी तिथं," ती म्हणाली. "खालच्या ओढ्याला गेले. परत वर यावं लागलं." तिनं तो आकडा पुन्हा पाहिला. "चार मिनिटं घालवली. बरोबर आहे."

मग ती बूट घालायला लागली. वडिलांना म्हणाली, शिबिराला नवे बूट लागतील, हे मागून फाटलेत. ते म्हणाले, बघू. मी कागद तिच्याकडेच ठेवला आणि माळावरच्या डब्या गोळा करायला निघालो. अठरा होत्या.